जुने दोन कॉम्पॅक्ट कॅमेरे तोलताना या चुका टाळा

दोन जुने कॉम्पॅक्ट कॅमेरे पुढ्यात ठेवून "यातला चांगला कुठला?" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, दोन्हींची सेटिंग सारखी केलीस का? उत्तर बहुतेक वेळा "म्हणजे?" असंच येतं. मग दोन फोटो दाखवले जातात. एक भर दुपारचा, दुसरा दिवे लागल्यावरचा. आणि निकाल तयार असतो: "याचे रंग मेलेले आहेत."

नवा कॅमेरा घेताना आपण मॉडेल तोलतो. पंधरा-वीस वर्षं जुना घेताना मॉडेल बाजूला ठेवायचं आणि समोरचा नग तोलायचा. तो कोणाच्या खिशात फिरला, किती वेळा हातातून पडला, कुठल्या सेटिंगवर असताना कपाटात गेला, यातलं काहीही काल रात्री जागून वाचलेल्या परीक्षणात नसतं. हे एकदा डोक्यात बसलं की खालच्या निम्म्या चुका आपोआप टळतात. बसत नाही, हेच दुखणं आहे.

मागच्या माणसाची सेटिंग

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे तिच्यावर जरा जास्त बोलणार.

माझ्याकडे एकाच सुमाराला दोन कॅमेरे आले होते. साधारण एकाच वयाचे, एकाच तोडीचे, दोन्ही रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न झालेली फाइल) देणारे. नावं मुद्दाम सांगत नाही, कारण नावं घेतली की लोक गोष्ट सोडून बाजू घेतात. एक ठेवायचा आणि दुसरा भाच्याला द्यायचा, असं ठरलं होतं. सलग तीन संध्याकाळी मी दोन्ही घेऊन हिंडलो. एकाच जागी उभं राहून आधी एकाने फोटो, लगेच दुसऱ्याने. घरी येऊन संगणकावर शेजारीशेजारी लावले. पहिल्याचे फोटो उजळ, मोकळे. दुसऱ्याचे दबलेले, सावल्यांत नुसता काळोख, आणि तो काळोख संगणकावर थोडा उजळवला की दाणेच दाणे, म्हणजे रंगीत खरखरीत ठिपके. तिन्ही दिवस तेच. मी निदान करून टाकलं की दुसऱ्याचा सेन्सर थकला आहे. सेन्सर असा 'थकतो' हे मला कोणी सांगितलं होतं, देव जाणे. पण तीन दिवसांची मेहनत होती, तिला काहीतरी भारदस्त नाव हवं होतं. दुसरा भाच्याला देऊन टाकला.

दोन महिन्यांनी त्याने काढलेले फोटो बघितले. झकास होते. सावल्या मोकळ्या, रंग ताजे.

"मामा, तू याच्यावर ऑटोत फोटो काढत होतास?"

"ऑटोच असेल."

"नव्हता. पी मोडवर होता, जिथे उजेड हाताने कमी-जास्त करता येतो. आणि उणे दोन तृतीयांशवर."

घरी जाऊन जुन्या फाइलींची माहिती उघडली. तिन्ही संध्याकाळच्या एकूण एक फोटोत एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करणारी सेटिंग, −२/३. त्या कॅमेऱ्याच्या मागची गोल चकती सैल फिरायची. पहिल्याच दिवशी खिशातून काढताना अंगठा लागून ती सरकली असणार आणि कॅमेऱ्याने बंद-चालू होऊनही तो आकडा इमानाने जपला. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तीन दिवस तो माझ्याकडे बघत होता. मी मात्र फोटोच्या मधोमध बघत होतो.

−२/३ म्हणजे सेन्सरपर्यंत पोचणारा प्रकाश जवळजवळ ३७ टक्क्यांनी कमी. तो नंतर संगणकावर वर ओढला की सावल्यांतले दाणेही वर येतात. म्हणजे माझा 'थकलेला सेन्सर' माझ्याच अंगठ्याने केला होता. आणि यात डोळाही आपल्या बाजूने नसतो. दोन फोटो शेजारी ठेवले की जो जरा उजळ, तोच चांगला वाटतो. तो उजळ का आहे, हे डोळा विचारत नाही.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. शास्त्र वगैरे काही नाही, सवयच. कॅमेरा हातात आला की आधी मेनूतून सगळं रीसेट. मग हाताने लावायचं: आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ठरावीक, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार पांढरा जुळवणारी सेटिंग) दोन्हींवर एकच, कॉम्पेन्सेशन शून्य, रंगांचा मोड साधा, डिजिटल झूम बंद, सावल्या आपोआप उजळवणाऱ्या सगळ्या हुशाऱ्या बंद. हे सगळं एका चिठ्ठीवर लिहितो आणि प्रत्येक कॅमेऱ्यावरचा पहिला फोटो त्या चिठ्ठीचाच काढतो. भाचा हसतो. हसू दे.

मेनूतलं रीसेट अंगावरच्या कळा मात्र हलवत नाही. पॅनासॉनिकचा लुमिक्स एलएक्स३ घ्या. त्याच्या लेन्सच्या नळीवर एक सरकती कळ फोटोच्या रुंदी-उंचीचं प्रमाण ठरवते आणि दुसरी फोकसचा प्रकार. दुसरी कळ पिशवीत घासून मॅन्युअल फोकसवर गेली की कितीही रीसेट करा, फोटो धूसरच येणार, आणि तुम्ही "लेन्स गेली" म्हणून मोकळे होणार. पहिली कळही कमी नाही. ४:३ ला फोटो ३६४८ बाय २७३६ पिक्सेलचा, १६:९ ला ३९६८ बाय २२३२ चा, म्हणजे रुंदी चक्क वाढते. एका कॅमेऱ्याचा ४:३ आणि दुसऱ्याचा १६:९ शेजारी ठेवून "याची लेन्स जास्त रुंद" म्हणणारे मी पाहिले आहेत.

शंभर टक्क्यांवरचं भांडण

माझी दुसरी आवडती चूक. फोटो उघडायचा, शंभर टक्के झूम करायचा, नाक पडद्याला लावायचं आणि दाणे मोजायचे.

कॅननचा पॉवरशॉट जी१० २००८ मध्ये आला, १४.७ मेगापिक्सेलचा. पुढच्याच वर्षी जी११ आला तो १० मेगापिक्सेलचा. सेन्सरचा आकार तोच, १/१.७ इंची. कंपनीने आकडा वाढवायच्या ऐवजी कमी केला, ही त्या काळात बातमी होती. आता हे दोन शेजारी ठेवून शंभर टक्क्यांवर बघा. जी१० चा फोटो ४४१६ पिक्सेल रुंद, जी११ चा ३६४८. म्हणजे जी१० ला तुम्ही सव्वा पट जाड भिंगाखाली धरलं आहे. त्याचे दाणे मोठे दिसणारच. त्यावरून "जी१० भंगार" असं म्हणणं म्हणजे एकाला हातभरावरून आणि दुसऱ्याला वीतभरावरून बघून कोणाच्या चेहऱ्यावर जास्त पुटकुळ्या आहेत ते ठरवणं.

दोन्ही फोटो एकाच मापाला आणा. मी रुंदी ३००० पिक्सेल करतो, कारण तो आकडा लक्षात राहतो. मग बघा. लख्ख उजेडात, कमी आयएसओवर जी१० बारकावे जास्त देतो. आयएसओ ८०० च्या आसपास जी११ ची बाजू वरचढ होते. म्हणजे उत्तर एक नाही, दोन आहेत, आणि तुम्ही फोटो कुठे काढता त्यावर ते अवलंबून आहे. एका फोटोवर निकाल हवा असणाऱ्यांची इथे फार चिडचिड होते.

ता. क. ते १/१.७ इंच म्हणजे सेन्सरची लांबी नव्हे. ती जुन्या व्हिडिओ नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलेली भाषा आहे. प्रत्यक्षात १/१.७ इंची सेन्सर जेमतेम साडेसात मिलिमीटर रुंद असतो. तरी १/२.५ इंचीच्या तुलनेत त्याचं क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस मिलिमीटर विरुद्ध २५. मेगापिक्सेल विचारण्याआधी हा आकडा विचारा.

लेन्सवर एफ/२.० (हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) वाचून भुलू नका. तो आकडा झूम न करता असतो. कॅननच्या पॉवरशॉट एस९० ची लेन्स २८ मिलिमीटरला (झूम न करता) एफ/२.० आहे, पण १०५ ला (पूर्ण झूमवर) गेली की एफ/४.९, म्हणजे प्रकाश सहापट कमी. एलएक्स३ चा झूम ६० लाच संपतो, पण तिथेही तो एफ/२.८ धरून असतो. दोघांचा झूम शेवटपर्यंत ताणून केलेली तुलना म्हणजे तुलनाच नव्हे. दोन्ही एकाच चौकटीवर आणा. झूमचा आकडा लागला नाही तर चार पावलं मागेपुढे चालून मेळ घालू नका, त्याने दृश्याची खोली बदलते. झूमच जुळवा.

बिघाड नसलेले बिघाड

भाच्याचाच किस्सा. एकदा फोनवर ओरडला, "मामा, हा गेला! पडद्यावर जांभळी उभी रेघ येते." म्हटलं, दिव्याकडे धरलायस ना? होय. फोटो काढून बघ. फोटोत रेघ नव्हती. सीसीडी या जुन्या जातीच्या सेन्सरमधला विद्युतभार ओळीओळीने खाली सरकतो. प्रखर दिवा असला की वाटेत तो सांडतो आणि पडद्यावर किंवा व्हिडिओत उभी रेघ दिसते. फोटो काढताना शटर मिटतं, म्हणून फोटोत ती बहुधा येत नाही. ही त्या जातीची खोड आहे, आजार नव्हे. या रेघेपायी धडधाकट कॅमेरे भंगारात गेले आहेत.

फोटोच जांभळट, ओढल्यासारखा किंवा काळा येत असेल तर गोष्ट वेगळी. सोनीने बनवलेल्या काही सीसीडींमध्ये उष्णता आणि दमटपणामुळे आतल्या बारीक तारांचे जोड सुटत. २००५ मध्ये एकापाठोपाठ एक कॅमेरा कंपन्यांनी हे जाहीर करून मोफत दुरुस्ती देऊ केली होती. आज ती आशा ठेवू नका. असा नग तुलनेतून बादच करा.

"कार्ड वाचत नाही" हीसुद्धा कॅमेऱ्याची चूक धरली जाते. एसडीएचसी, म्हणजे जास्त क्षमतेची एसडी कार्डं, २००६ मध्ये आली. त्याआधीच्या कॅमेऱ्याला २ जीबीपर्यंतचं साधं एसडी लागतं. त्यात ३२ जीबीचं घालून शिव्या द्यायच्या नाहीत. फुजीफिल्मच्या फाइनपिक्स एफ३० ला तर एसडी चालतच नाही, एक्सडी नावाचं वेगळंच कार्ड शोधावं लागतं. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. बस.

फोटो एका कोपऱ्यात धूसर? वर्तमानपत्राचं पान भिंतीला सपाट चिकटवा, कॅमेरा त्याच्या बरोबर समोर ट्रायपॉडवर लावा, टायमरवर फोटो घ्या आणि चारही कोपरे बघा. एकच कोपरा विरघळलेला असेल तर कॅमेरा कधीतरी पडला आहे आणि लेन्सचं एखादं भिंग सरकलं आहे. चारही सारखेच धूसर असतील तर तो त्या मॉडेलचा स्वभाव. त्याआधी टॉर्चच्या उजेडात लेन्सवर बोटाचा ठसा आहे का ते बघा. तिरप्या उजेडाशिवाय तो दिसत नाही, आणि फोटोत मात्र सगळ्या दिव्यांभोवती धुकं आणतो.

बटण अर्धं दाबायला शिका. फोनवर वाढलेली मंडळी टिचकी मारल्यासारखं बटण दाबतात आणि म्हणतात कॅमेरा हळू आहे. आधी अर्धं दाबा, फोकस धरू द्या, मग पूर्ण. हे न करता वेगाची तुलना करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

बॅटरीचे छापील आकडे वाचून भांडू नका. एफ३० चा ५८० फोटोंचा आकडा खरा होता, पण नव्या बॅटरीवर. तुमच्या हातातली बॅटरीही त्याच वयाची आहे. फुगली असेल तर चिमट्याने उचकटू नका, आणि आत बसते म्हणून वापरूही नका.

'सीसीडीचे रंगच वेगळे, जास्त सुंदर' या दाव्यावर मला कोणी विचारू नये, तरी विचारतात. कॅननच्या सीसीडीवाल्या एस९५ आणि सीमॉस या दुसऱ्या जातीच्या सेन्सरवाल्या एस१०० च्या रॉ फाइली एकाच पद्धतीने धुऊन, नावं झाकून मी बघितल्या. मला ओळखता आल्या नाहीत. ज्याला आपण रंग म्हणतो तो बराचसा कॅमेऱ्यातल्या जेपेग प्रक्रियेचा आणि व्हाइट बॅलन्सचा असतो. आवडला तर वापरा, पण सेन्सरच्या नावाने आरती ओवाळू नका.

आणि घड्याळ. जुन्या कॅमेऱ्याची तारीख सारखी पुसली जाते, कारण आतला छोटा सेल संपलेला असतो. काही मॉडेलांत तो नाण्याएवढा सेल बदलता येतो. काहींत मुख्य बॅटरी भरून दिवसभर आत ठेवली की तो आपोआप भरतो. तुलनेला निघण्याआधी दोन्ही घड्याळं मिनिटाला मिनिट जुळवून घ्या, म्हणजे फाइली वेळेनुसार लावल्या की जोड्या आपोआप शेजारी येतात. नाहीतर दोनशे फोटोंतून एकाच झाडाचे दोन फोटो हुडकत रात्री एक वाजेपर्यंत बसाल. मी बसलोय, आणि शेवटी कळलं की त्यातलं एक झाड वेगळंच होतं.