पूर्ण चिलखताचा पोशाख घालूनही अंग थंड कसे ठेवावे

वेशभूषेसाठी फोम, प्लास्टिक किंवा फायबरग्लासचे पूर्ण चिलखत चढवले की घाम भरपूर येतो, पण वाळत नाही. शरीर थंड होते ते घामाची वाफ होताना. चिलखताच्या आतली हवा थोड्याच वेळात दमट होते, वाफ होणे थांबते आणि घाम नुसता ओघळत राहतो. पाणी आणि मीठ जाते, गारवा मात्र मिळत नाही. त्यात ईव्हीए फोम (अशा चिलखतासाठी वापरतात तो मऊ, रबरासारखा फोम) उष्णता अडवणारा, म्हणजे अंगाची ऊब आतच कोंडते. म्हणून पहिली गरज आहे खेळत्या हवेची.

१. हवेला वाट करून द्या

हे काम पोशाख रंगवण्याआधी करायचे. गरम हवा वर चढते, त्यामुळे हवा आत यायची जागा कमरेशी आणि बाहेर पडायची जागा मानेमागे ठेवा. छातीच्या आणि पाठीच्या तुकड्याला आतून १ सेंटिमीटर जाड फोमच्या ३-४ पट्ट्या चिकटवा, म्हणजे तुकडा अंगाला टेकत नाही. पट्ट्या उभ्याच लावा. आडव्या लावल्या तर त्याच हवा अडवतात. काखेत आणि दोन्ही कुशींना २-३ सेंटिमीटरची फट ठेवा. ती दिसायला नको असेल तर काळी जाळी लावा. पाठीवर खांद्यावरून सोडलेले कापड असेल तर मानेमागची वाट त्याखाली बुजत नाही ना, हे तपासा. ही चूक फार वेळा होते.

२. हेल्मेटमध्ये दोन पंखे बसवा

एकच खर्च करायचा असेल तर तो इथे करा. श्वासाची गरम, ओली हवा हेल्मेटमध्ये साचते, काचेवर धुके धरते आणि डोके जड होते.

४० मिलिमीटरचे, ५ व्होल्टचे दोन पंखे घ्या. एक हनुवटीपाशी, बाहेरची हवा आत ओढणारा. दुसरा मागे वरच्या बाजूला, आतली हवा बाहेर फेकणारा. दिशा तपासायला पातळ कागदाची चिंधी समोर धरा. पंख्याच्या दोन्ही बाजूंना निदान १ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. भिंतीला चिकटलेला पंखा आवाज करतो, हवा हलवत नाही. हवा नळीतून न्यायची असेल तर साधा पंखा उपयोगाचा नाही, ब्लोअर, म्हणजे दाबाने हवा ढकलणारा पंखा लागतो. १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर रेंगाळतो किंवा सुरूच होत नाही.

१०,००० एमएएचच्या (हे साठवलेल्या विजेचे माप) पॉवर बँकेतून ५ व्होल्टला प्रत्यक्षात साधारण ६,००० ते ६,५०० एमएएच मिळतात. प्रत्येकी ०.२ अँपिअरचे दोन पंखे त्यावर १५ तासांच्या आसपास चालतात. काही पॉवर बँका वीज फार कमी खेचली गेली तर आपोआप बंद पडतात, म्हणून घरी तासभर चालवून बघा. पंख्याला जाळी लावा, केस घट्ट बांधा. पॉवर बँक कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा, बर्फापासून लांब.

धुक्यासाठी आत येणारी हवा काचेवरून वर जाईल असा पंखा कलता लावा. शिवाय भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब काचेला आतून चोळून कोरड्या कापडाने पुसून घ्या.

३. आतले कपडे

पातळ, अंगाला बसणारे पॉलिस्टरचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. सुती कपडा घाम शोषून ओलाच राहतो, जड होतो आणि चिलखत बांधायच्या पट्ट्यांखाली कातडी सोलवटते. डोक्याला पातळ टोपडे, नाहीतर घाम थेट डोळ्यांत उतरतो. बदलायला एक कोरडा संच जवळ असू द्या.

४. गारवा सोबत न्या

पाणी शिंपडून घालायची, बाष्पीभवनावर चालणारी जाकिटे बंद चिलखतात निरुपयोगी ठरतात, कारण तिथे वाफ होतच नाही. बर्फाच्या पिशव्यांचे जाकीट घ्या. हिशेब असा: १ किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो आणि सावकाश चालणारे शरीर तासाला साधारण ७०० ते ९०० किलोज्यूल तयार करते. म्हणजे २ किलो बर्फ जेमतेम तासभराची सोय. पिशव्यांचा दुसरा संच शीतपेटीत तयार ठेवा. बर्फ उघड्या कातडीला लावू नका, मध्ये कपड्याचा थर हवाच.

५. पाणी आणि घड्याळ

तहान लागायची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर पाणी घ्या. हेल्मेट न काढता पिता यावे म्हणून लांब नळी ठेवा. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नका. घाम बराच वेळ गाळणार असाल तर मधूनमधून ओआरएस घ्या. शौचालयात जाणे अवघड म्हणून पाणी टाळणारे पुष्कळ असतात. त्यापेक्षा कमरेखालचे तुकडे सहज सुटतील असे बनवा.

उन्हाळ्यात ३०-४० मिनिटे घालणे आणि १५-२० मिनिटे सावलीत विश्रांती, हा क्रम धरा. विश्रांतीत हेल्मेट आणि छातीचा भाग दोन्ही उतरवा. कोपरापर्यंत हात १० मिनिटे थंड पाण्यात बुडवून ठेवले तर शरीर झपाट्याने निवते. अग्निशमन दलातही हा उपाय वापरतात.

६. सोबती आणि सुटका

एकट्याने फिरू नका. सोबत्याला बकल कुठे आहेत ते दाखवा आणि हाताची एक खूण ठरवा. हेल्मेट क्षणात निघाले पाहिजे आणि छाती-पाठ मिनिटभरात. प्रत्यक्ष काढून वेळ मोजा.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायांत गोळे येणे: यांपैकी काहीही जाणवले की चिलखत उतरवा, सावलीत आडवे व्हा, पाणी घ्या आणि त्या दिवशी पुन्हा घालू नका. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा कोसळला तर तो उष्माघात समजा, मग अंगाला घाम असो वा नसो. लगेच रुग्णवाहिका बोलवा, पट्टे सुटत नसतील तर कापा, मिळेल तेवढे गार पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपलेल्या किंवा गोंधळलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.