विज्ञानकथा ऐकताना सुरुवात वाचून घ्या

इंग्रजी विज्ञानकथांचं पॉडकास्ट पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर ‘एस्केप पॉड’ किंवा ‘क्लार्क्सवर्ल्ड’ लावा. दोन्हींच्या बऱ्याच कथा त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचायलाही मिळतात, आणि त्याचा फायदा घ्याच. अशा कथेत ग्रह, यंत्रं, जमाती यांची नावं लेखकाने स्वतः रचलेली असतात. कानाला ती ओळखीची नसतात, त्यामुळे दुसऱ्याच मिनिटाला धागा सुटतो. म्हणून पहिले चार-पाच परिच्छेद मजकूर समोर ठेवून ऐका. नावं डोक्यात बसली की फोन खिशात टाका आणि खुशाल भाजी निवडा. वेग मात्र वाढवू नका. दीडपट वेगाने बातम्या चालतील, कथेतलं वातावरण हरवतं. अद्भुतकथा आवडत असतील तर २००८ पासूनचं ‘पॉडकॅसल’ आहेच.