वॉर गेममधला फॉरवर्ड ऑब्झर्व्हर खऱ्यासारखा कसा खेळवायचा

बेळगाव-खानापूर भागात फौजेतली माणसं गल्लोगल्ली सापडतात, तरीपण आपली पोरं कॉम्बॅट मिशन हा कॉम्प्युटरवरचा वॉर गेम खेळालेत ते बघा की, एफओला (फॉरवर्ड ऑब्झर्व्हर, म्हणजे शत्रूवर नजर ठेवून तोफांचे गोळे मागवणारा माणूस) मागं झाडीत ठेवतात, टँक दिसला की त्याच्यावर क्लिक करतात, गोळे येईपर्यंत टँक निघून गेलेला असतो, आणि मग गेमच रियलिस्टिक नाही म्हणतात. अहो, दुसऱ्या महायुद्धात पण गोळे मागितल्या मागितल्या पडत नव्हते. हा वेळ धरूनच खेळायचं असतं.

पहिलं काम जागेचं. डोंगराच्या एकदम टोकावर एफओ ठेवू नका. येळ्ळूरच्या राजहंसगडावर तटावर कोण उभा असला तर मागच्या आभाळामुळं खालच्या शेतातून तो उठून दिसतो, तसंच हे. टोकाच्या थोडं खाली, झुडपाच्या आडोशाला बसवा, कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या लेव्हलला आणून खरंच काय दिसतंय ते बघा, आणि टार्गेट आर्क, म्हणजे तो किती भागात गोळी चालवणार ती हद्द, एकदम छोटा करा म्हणजे तो उगीच स्वतःची बंदूक चालवून जागा दाखवणार नाही.

मग सेटअपमध्येच, म्हणजे लढाई सुरू व्हायच्या आधी, टीआरपी (टार्गेट रेफरन्स पॉइंट, तोफांना आधीच नेमून दिलेली जागा) लावून टाका. शत्रू आत्ता आहे तिथं नको, तो जिथनं यायलाच पाहिजे तिथं लावा, म्हणजे पूल, रस्त्याची तिकटी, बागेची कड. टीआरपीवर गोळे लवकर येतात आणि नेमके पडतात.

आता गोळे मागवल्यावर काय होतंय ते नीट समजून घ्या, कारण सगळी मजा इथंच हाय. आधी एकच गोळा येतो. समजा तो टार्गेटच्या पलीकडं पडला, तर ऑब्झर्व्हर ४०० मीटर कमी करायला सांगतो, पुढचा अलीकडं पडला तर २०० वाढवतो, मग १०० कमी, असं दोन्ही बाजूनं आवळत आणतो आणि शेवटी ५० ची दुरुस्ती देऊन सगळ्या तोफा एकदम सोडायला सांगतो. डावं-उजवं मिल या कोनाच्या मापात मोजतात, १००० मीटरवर १ मिल म्हणजे साधारण १ मीटर. हात सरळ लांब धरला तर एका बोटाची रुंदी अंदाजे ३० मिल भरते, म्हणजे २ किलोमीटरवर ६० मीटर, गडावर गेलात तर करून बघा. गेममध्ये हे सगळं एफओ स्वतः करतो, पण त्याला गोळा पडलेला दिसलाच पाहिजे, म्हणून त्या वेळात त्याला हलवू नका आणि त्याच्या नजरेसमोर आपलाच स्मोक टाकू नका.

अजून खरं खेळायचं असलं तर सैन्य बघून खेळा. ब्रिटिश ऑब्झर्व्हर आपल्या तोफांना थेट हुकूम द्यायचा, अमेरिकन फायर डायरेक्शन सेंटरकडं, म्हणजे तोफा कुठं डागायच्या ते ठरवणाऱ्या केंद्राकडं, मागणी करायचा, आणि ते सेंटर एकाच टार्गेटवर तोफांच्या कितीतरी बॅटऱ्या (तुकड्या) एकदम लावू शकायचं. जमिनीच्या जवळ आल्यावर आपोआप हवेत फुटणारा प्रॉक्झिमिटी फ्यूज तोफखान्यानं जमिनीवरच्या लढाईत डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियमकडच्या आर्डेन्सच्या जंगलात वापरला, त्यामुळं जून १९४४ च्या नॉर्मंडीत तो धरून प्लॅन करू नका.

आणि शत्रू एकदम जवळ आला की मोठ्या तोफांचा नाद सोडा. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत मशीनगनवर एकटे धावून गेले, गन अगदी जवळनं चालू होती आणि त्यांच्या सेक्शनमधली (छोट्या तुकडीतली) बाकी सगळी पोरं पडली होती. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढ्या अंतरावर तोफेचा गोळा शत्रूवर पडणार का आपल्या माणसावर, ते कुणालाच सांगता येत नाही. तिथं ग्रेनेड आणि इन्फंट्रीच लागते, एफओचे गोळे मागच्या बाजूला टाका, शत्रूची मदत जिथनं येणार त्या वाटेवर.