मुंबई–नागपूर प्रवासाचा हिशोब : या चुका टाळा

माझं माहेर नागपूरचं, सासर दादरचं. त्यामुळे दर सुट्टीत कोणाचा तरी फोन येतोच: ‘समृद्धीने आठ तासांत पोचू ना गं?’

आमणे म्हणजे मुंबई समजणं. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूरबाहेर शिवमडक्याला सुरू होतो आणि भिवंडी तालुक्यात आमण्याला संपतो. ५ जून २०२५ ला इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ‘आता थेट मुंबई’ असं जो तो म्हणू लागला. पण आमण्याहून दादर अजून ५० किलोमीटरच्या आसपास उरतं; मधे भिवंडीची गोदामं, कंटेनरच्या रांगा, ठाण्याचा माजिवडा नाका.

माझ्या भाच्याचं रात्री साडेनऊचं परदेशाचं विमान होतं, सहारहून. सकाळी १० ला नागपूर सोडायचं, ६ ला विमानतळ, असा त्याचा हिशोब. मी म्हटलं, पहाटे ५ ला निघ. ‘मावशी, तू जुन्या रस्त्याचं बोलतेस.’ जेवण, चहा धरून आमण्याला सव्वासहाला पोचला, म्हणजे समृद्धीवर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पुढे भिवंडीजवळ कंटेनर आडवा झालेला. विमानतळाच्या दारात पोचला तेव्हा ८ वाजून ५० मिनिटं झाली होती, काउंटर बंद. तिकीट वाया गेलं. त्या रात्री आमच्याकडे येऊन तो न जेवताच झोपला, ते मला अजून आठवतं.

तेव्हापासून मी आमण्यापुढे संध्याकाळी २ तास धरते, पहाटे १ तास. घर ते घर ११ तास. कोणी ८ म्हणालं तरी मी आकडा बदलत नाही.

७०१ भागिले १२०. कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणून पाच तास पन्नास मिनिटं काढणारे उत्साही नवशिके दर महिन्याला भेटतात. मर्यादा म्हणजे सरासरी नव्हे. मी १०० च्या आसपास चालवते आणि दर दीडशे किलोमीटरला उतरून दहा मिनिटं पाय मोकळे करते. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा कधी लागतो ते कळत नाही. ‘न थांबता आलो’ हे कौतुकाने सांगणाऱ्याच्या गाडीत मी मुलांना बसवत नाही.

विमानाचा दीड तास. हवाई अंतर ६८५ किलोमीटरच्या आसपास, वेळापत्रकात दीड तास. पण दादरहून विमानतळ, दोन तास आधी पोचणं, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरून सामान, मग घर: साडेपाच-सहा तास होतातच. तरी एकट्याने जायचं तर विमानच घ्या. चौघं असाल तर गाडी परवडते.

टायर न बघणं. उन्हात तापलेलं काँक्रीट आणि झिजलेले टायर यांची गाठ घालू नका. टायरमधली हवा प्रवासाला निघण्याआधी, टायर गार असताना तपासा.

टाकी. अर्धी झाली की भरा.

दुचाकी. समृद्धीवर बंदी आहे.

तिकीट नीट न वाचणं. मुंबईत सांताक्रूझचं टर्मिनल वेगळं, सहारचं वेगळं, आणि आता नवी मुंबईचं विमानतळही आहे. कुठून सुटणार ते मी आदल्या रात्री मोठ्याने वाचून घरातल्यांना ऐकवते.