कार्ल्याचा यवन आणि फुकटातली जर्नल्स: प्राचीन जगाचा अभ्यास घरबसल्या कसा करायचा

पुण्यातून कार्ल्याला जाणारे खूप आहेत. लोणावळा लोकल, मळवली, एकवीरेच्या पायऱ्या, चैत्यगृहात फोटो, आणि मग यूट्यूबवर कोणीतरी जे सांगितलंय तेच मनात धरून खाली. तिथल्या खांबांवर काय कोरलंय, ते आधी कोणी वाचलं, कुठे छापलं आणि नंतर त्यावरून विद्वान मंडळी कशी भांडली, हे सगळं जर्नल्समध्ये, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांत, पडलेलं आहे, पण आपला समज असा की जर्नल म्हणजे डॉलरमध्ये पैसे. काही ठिकाणी आहेच तसं. पण प्राचीन इतिहासाचं एक बरं असतं, इथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा लेखही रद्दीत जात नाही, अजून त्याचाच आधार घ्यावा लागतो, आणि इतकं जुनं बहुतेक सगळं फुकट आहे. नवीनही बरंच फुकट आहे, फक्त कुठून शिरायचं ते माहीत पाहिजे.

आधी प्रश्न धरा, जर्नल नंतर

'प्राचीन भारत' असं टाकून सर्च केलंत तर संध्याकाळपर्यंत टॅब उघडत बसाल आणि हाती काही लागणार नाही. एकच छोटा प्रश्न घ्या, शक्यतो जवळच्या जागेचा. मी इथे कार्ल्याचाच घेतो. चैत्यगृहातल्या एका खांबावर ब्राह्मीत लिहिलंय, 'धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं', म्हणजे धेनुकाकटच्या सिहधय नावाच्या यवनाने हा खांब दान दिला. यवन म्हणजे ग्रीक ना? मग त्याचं नाव असं देशी कसं? आणि हे धेनुकाकट कुठे आलं? बास, एवढा प्रश्न महिनाभर पुरतो.

मग मूळ वाचन शोधा

शिलालेखांसाठी पहिलं दार म्हणजे एपिग्राफिया इंडिका. १८९२ पासूनचे खंड, पुरातत्त्व खात्याचं प्रकाशन. इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात, आणि सांस्कृतिक मंत्रालयाचं इंडियन कल्चर नावाचं पोर्टल आहे तिथेही मिळतात. कार्ल्याचे लेख सातव्या खंडात आहेत, १९०२-०३ चा खंड, वाचणारा एमिल सेनार हा फ्रेंच पंडित, लेख मात्र इंग्रजीत. प्रत्येक लेखाला नंबर, तो नेमका कुठे कोरलाय ते, मग रोमन अक्षरांत मूळ मजकूर, भाषांतर आणि खाली टिपा. आधी भाषांतर वाचा, टिपांकडे दुसऱ्या फेरीत या, नाहीतर पहिल्याच पानावर दम लागतो.

इथे बरेच जण थांबतात आणि तिथेच फसगत होते, कारण सेनारच्या वेळी सगळे लेख छापले गेले नव्हते. राहिलेले दानलेख माधोस्वरूप वत्स यांनी अठराव्या खंडात छापले, १९२५-२६ च्या, आणि त्यात यवनांचे आणखी लेख आहेत. म्हणजे फक्त सातवा खंड बघून 'कार्ल्यात इतके यवन होते' असा आकडा सांगितलात तर तो कमीच भरणार. कुठल्याही लेण्याच्या बाबतीत हे लक्षात ठेवा, मूळ वाचनानंतर पुरवणी आली का ते बघायचंच. नाशिकचे लेख आठव्या खंडात आहेत, तेही सेनारचेच, ते यासोबत वाचले तर क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात, सातवाहन राजा पुळुमावी ही सगळी मंडळी दोन्हीकडे भेटतात आणि चित्र जरा जुळायला लागतं.

सर्च करतानाच्या दोन-तीन गोष्टी. जुन्या अंकांत आजची स्पेलिंग नाहीत. कार्ले हे शेवटी आय लावून 'कार्ली' असं सापडेल, नाशिक 'नासिक' असं, पुणं तर अर्थातच 'पूना'. वरून अक्षरांवर टिंबं आणि रेघा, त्या स्कॅन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला झेपत नाहीत, त्यामुळे धेनुकाकट सरळ टाकून सापडलं नाही तर अर्धाच शब्द टाकून बघा. इंटरनेट अर्काइव्हवर नुसत्या नावात शोधू नका, पुस्तकाच्या आतल्या मजकुरात शोधायचा पर्याय असतो तो निवडा, कारण आपल्याकडच्या डिजिटल लायब्ररीतून तिथे गेलेल्या पुस्तकांची नावं कशीही टाइप केलेली आहेत, खंड क्रमांकसुद्धा गायब. आणि शिलालेखांच्या ठशांचे फोटो असलेली पानं तपासा. दुमडलेलं पान न उघडताच स्कॅन केलेलं असतं बऱ्याचदा, तेव्हा तोच खंड दुसऱ्या कोणी चढवलाय का ते बघायचं, एक प्रत खराब म्हणून सोडून देऊ नका.

जुन्यावरून नव्याकडे

आता यावर पुढे काय झालं. कोसंबींनी, म्हणजे आपले इतिहासकार दामोदर धर्मानंद, १९५५ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या मुंबईच्या जर्नलमध्ये 'धेनुकाकट' याच नावाचा लेख लिहिला. याच जर्नलच्या जुन्या अवतारात, बॉम्बे ब्रँचच्या अंकांत, जोगळटेंभीच्या नाण्यांवरचा लेखही आहे, १९०६ मध्ये नाशिकजवळ सापडलेला नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा, ज्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का वरून मारलेला. सोसायटीचं ग्रंथसंजीवनी नावाचं पोर्टल आहे, जुने अंक तिथे आधी बघा. मग १९८८ मध्ये हिमांशू प्रभा रे यांनी प्राचीन भारतातल्या यवनांवर लिहिलेला लेख, तो जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहात आहे.

जेस्टोरचं नाव काढलं की लोक म्हणतात ते कॉलेजवाल्यांचं. तर तसं नाहीये. साध्या ईमेलने फुकट अकाउंट उघडता येतं आणि तीस दिवसांत शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. डाउनलोड होत नाही, स्क्रीनवरच वाचायचं, सगळीच जर्नल्स त्यात नाहीत, पण महिन्याला शंभर लेख खरोखर वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. खूप जुन्या अंकांचा मोठा भाग तर लॉगिन न करताही उघडतो. आणि आपली पुण्याची दोन मोठी जर्नल्स, भांडारकर संस्थेचं ॲनल्स आणि डेक्कन कॉलेजचं बुलेटिन, ही दोन्ही जेस्टोरवर आहेत. येरवड्याला बसून लिहिलेलं आपण अमेरिकेच्या सर्व्हरवरून वाचायचं, असो, वाचायला मिळतंय ना.

उत्खननाची आवड असेल तर पुरातत्त्व खात्याच्या साइटवर इंडियन आर्किऑलॉजी अ रिव्ह्यू हे वार्षिक आहे, १९५३-५४ पासूनचं, पीडीएफ सरळ उतरवता येतात. रुक्ष आहे, एका जागेला कधी चार ओळी तर कधी चार पानं, पण शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने वर्षानुवर्षं जे खोदलं त्याचा सीझनवार हिशोब इथे मिळतो, घरं कशी होती, धान्य कुठलं, पुरलेली माणसं कशी ठेवली होती. पुरातत्त्व खात्याचा तेव्हाचा प्रमुख व्हीलर याने १९४६ मध्ये सुरू केलेलं एन्शंट इंडिया हे बुलेटिनही शोधून ठेवा, त्याच्या दुसऱ्याच अंकात अरिकमेडूचा अहवाल आहे, पुदुच्चेरीजवळचं रोमन व्यापाराचं ठिकाण. यवनांचा प्रश्न घेऊन बसलात तर तिकडे जावंच लागतं.

बाहेरचं जग

ग्रीस, रोम, इजिप्त, मेसोपोटेमिया यांच्यासाठी तर फुकट माल आपल्यापेक्षा जास्त आहे. मी सगळ्यात आधी ब्रिन मॉर क्लासिकल रिव्ह्यू उघडायला सांगेन. १९९० पासून चालू आहे, फक्त पुस्तक परीक्षणं, सगळी फुकट. पुस्तक आठ-दहा हजारांचं असतं, आपण ते घेणार नसतो, पण चांगलं परीक्षण वाचलं की पुस्तकात काय म्हटलंय, कुणाच्या विरोधात म्हटलंय आणि परीक्षकाला कुठे पटलं नाही हे तीनही कळतं. नवीन माणसाने लेखाआधी परीक्षण वाचावं असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्रेंच सरकारी पाठबळावर चालणारं पेर्से नावाचं पोर्टल आहे, त्यावर आशियावर काम करणाऱ्या फ्रेंच संस्थेचं बुलेटिन १९०१ पासून आहे. भाषा फ्रेंच, पण ब्राउझरमध्ये भाषांतर लावलं की मुद्दा समजतो, फक्त विशेषनामांवर आणि तारखांवर विसंबू नका, त्या मूळ पानावर जाऊन बघा. ग्रीक-रोमनसाठी ड्यूक विद्यापीठाचं ग्रीक रोमन अँड बायझंटाइन स्टडीज, मेसोपोटेमियातल्या क्यूनिफॉर्म लिपीच्या मातीच्या पाट्यांसाठी सीडीएलआय या डिजिटल संग्रहाचं ऑनलाइन जर्नल, पुरातत्त्वासाठी यॉर्क विद्यापीठाचं इंटरनेट आर्किऑलॉजी, ही सगळी उघडी आहेत. वेदांसाठी मायकेल विट्झेल यांनी १९९५ मध्ये सुरू केलेलं इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ वेदिक स्टडीज. बाकी कुठलं जर्नल उघडं आहे कुठलं नाही हे बघायला डीओएजे ही सूची, २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झालेली, विषय टाकला की यादी येते.

जर्नल खरं आहे का

हा भाग घाईत सोडू नका. फुकट म्हणजे चांगलंच असं नाही आणि फुकट म्हणजे भंगार असंही नाही. आयएसएसएन नंबर छापलाय म्हणजे दर्जा आहे असं तर अजिबात नाही, तो नुसता ओळख क्रमांक. ज्या जर्नलमध्ये एकाच अंकात नर्सिंग, जीएसटी आणि सिंधू संस्कृती शेजारी शेजारी बसलेत, 'सात दिवसांत छापून देऊ' असं वर लिहिलंय, ते बंद करा. पुण्याच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्य जर्नल्सच्या तेव्हाच्या यादीतली जर्नल्स तपासली तेव्हा विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी तपासलेली बहुतेक साध्या निकषांतही बसत नव्हती, तो लेख करंट सायन्समध्ये आहे आणि करंट सायन्स फुकटच आहे. त्यानंतर यूजीसीची केअर यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातूनच चालायचं, ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, त्यामुळे आता 'यादीत आहे' हे ऐकून समाधान मानू नका. संपादक मंडळ बघा, लेखाखालचे संदर्भ बघा, संदर्भातले दोन-तीन लेख खरंच अस्तित्वात आहेत का ते बघा.

आणि चांगल्या जर्नलमधला एक लेखही पुरेसा नसतो. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी गाव आहे, तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, त्याच्यासोबत दगडी हत्यारं. १९८९ मध्ये करंट सायन्समध्ये त्या राखेचं वय सुमारे १४ लाख वर्षं छापलं गेलं. पुढे दुसऱ्या संशोधकांनी सांगितलं की ही सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची राख, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची. एवढा फरक! पहिलाच लेख वाचून व्हॉट्सॲपवर 'जुन्नरला १४ लाख वर्षांपूर्वी माणूस' असं टाकलं की झालं. म्हणून लेख सापडला की गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधन लेखांच्या सर्चवर, त्याचं नाव टाका आणि त्याखाली 'यांनी उल्लेख केला' अशी जी लिंक असते ती दाबा, नंतरच्या लोकांनी त्याचं काय केलं ते दिसतं.

पेवॉल लागली तर

पेवॉल म्हणजे पैसे भरल्याशिवाय लेख उघडत नाही ती अडवणूक. ब्राउझरला अनपेवॉल नावाचं फुकट एक्स्टेन्शन लावा, लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर हिरवं कुलूप दिसतं. गूगल स्कॉलरवर लेखाच्या सगळ्या आवृत्त्या दाखवणारी लिंक असते, तिथेही विद्यापीठाच्या साइटवरची प्रत निघते. भारतातल्या पीएचडी प्रबंधांसाठी शोधगंगा आहे, प्रबंधाचं दुसरं प्रकरण सहसा आधीच्या संशोधनाचा आढावा असतं, तेवढं वाचलं तरी दिशा मिळते. घरात कोणी सरकारी कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकत असेल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन विचारा, जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स अशा संस्थांना मिळतात, कित्येक विद्यार्थ्यांना हे माहीतच नाहीये. आणि काहीच नाही जमलं तर सरळ लेखकाला दोन ओळींचं ईमेल करा, नाव, कुठला लेख हवाय आणि कशासाठी, एवढंच. बरेच जण पीडीएफ पाठवतात, आपलं कोणी वाचतंय याचाच आनंद असतो.

साठवायचं कसं

पीडीएफ डाउनलोड फोल्डरमध्ये आकड्यांच्या नावाने पडून राहिली तर ती हरवल्यासारखीच. लगेच नाव बदला, आधी आडनाव, मग वर्ष, मग विषय. झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर त्याहून बरं, संदर्भ आपोआप नोंदवतं. एपिग्राफिया इंडिकाच्या बाबतीत खंडावरचं वर्ष आणि प्रत्यक्ष छापलेलं वर्ष वेगळं असू शकतं, तेव्हा खंड क्रमांक आणि पान नंबर हे दोन न विसरता लिहा.

जे ऑनलाइन सापडलंच नाही त्याची वेगळी यादी करा आणि ती घेऊन लॉ कॉलेज रोडला भांडारकरमध्ये, येरवड्याला डेक्कन कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जा. आधी फोन करून बाहेरच्या वाचकाला काय कागदपत्रं लागतात आणि झेरॉक्स मिळते का ते विचारून घ्या. जाताना जर्नलचं नाव, खंड, वर्ष आणि पान असं लिहून न्या, काउंटरवर 'ते कार्ल्याच्या यवनांवरचं काहीतरी' असं म्हणून कोणी अंक काढून देत नाही.