50 मीटरला पहिला, खो-खोत पहिल्याच तुकडीत बाद: सुदृढतेचे घटक ओळखताना या चुका टाळा

शाळेच्या मैदानावर तक्रार कुठलीही असो, उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते: "आणखी दोन फेऱ्या मार." चढाईत पाय जड पडतात? दोन फेऱ्या. खो मिळाल्यावर उठायला उशीर होतो? दोन फेऱ्या. उडी कमी पडते? तरीही दोन फेऱ्याच. फेऱ्यांनी दम वाढतो, तोही एका मर्यादेपर्यंत. बाकीच्या तक्रारी जिथल्या तिथे राहतात आणि मुलगा मात्र दमून घरी जातो.

सुदृढतेचे घटक पुस्तकात पाठ असतात. आरोग्याशी निगडित पाच: हृदय व श्वसनाचा दमदारपणा, स्नायूंची ताकद, स्नायूंचा दमदारपणा, लवचिकता आणि शरीररचना (अंगातल्या चरबीचे आणि स्नायूंचे प्रमाण). कौशल्याशी निगडित सहा: वेग, चपळता, तोल, समन्वय, स्फोटक शक्ती आणि प्रतिक्रिया काल. पेपरात ही यादी लिहिली की गुण मिळतात. मैदानावर मात्र समोरचा खेळाडू यांपैकी नेमका कशात कमी पडतोय, हे ओळखता आले तरच यादीचा उपयोग. बहुतेक चुका तिथेच होतात.

वेगवान आहे म्हणजे चपळ असणारच, हे गृहीत धरणे

वर्गात 50 मीटरला पहिला येणारा मुलगा खो-खोच्या संघात घेतला जातो आणि पहिल्या तुकडीतून दीड मिनिटात बाद होऊन येतो. मग "खेळाची समज नाही" असा शिक्का बसतो. त्याआधी एक साधी तपासणी करा. 50 मीटरची वेळ घ्या, पुरेशी विश्रांती द्या आणि मग 4 × 10 मीटर शटल रनची (10 मीटरवरच्या दोन रेषांमध्ये चार खेपा) वेळ घ्या. 50 मीटरला वर्गात वरचा आणि शटलला मधला किंवा खालचा असेल, तर दोष वेगात नाही, थांबण्यात आहे. सरळ रेषेत वेग घेता येणे आणि तो वेग दोन-तीन पावलांत मारून दिशा बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत. साखळी खेळताना, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळताना, धावकाला दर दोन-तीन खेळाडूंनंतर दुसरे काम करावे लागते.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूने चित्रण केले की दोष उघडा पडतो. रेषेजवळ येताना छाती ताठ, कंबर वरच, गुडघे जवळजवळ सरळ, आणि थांबायला पाच-सहा छोटी पावले. कधी शेवटच्या पावलाला गुडघा आत वळतो. हा आत वळणारा गुडघा लगेच सुधारायला हवा, कारण गुडघ्यातले अस्थिबंध फाटण्याचे प्रसंग अशाच वळणावर येतात. मुलींच्या बाबतीत इथे जास्त लक्ष ठेवा.

सराव असा: 10 मीटर अंतर, साधारण 70 टक्के वेगाने धाव, फक्कीच्या रेषेवर तीन पावलांत थांबायचे आणि गुडघे वाकवलेल्या स्थितीत दोन सेकंद स्थिर राहायचे. सहा ते आठ वेळा. थांबणे नीट जमल्याशिवाय वळणे शिकवू नका. वळताना दोन्ही बाजू तपासा. बहुतेक मुले उजव्या पायावरच वळतात, आणि चांगला आक्रमक हे दोन हुलकावण्यांत हेरतो.

आता "उठायला उशीर" या तक्रारीकडे. इथे लगेच प्रतिक्रिया काल जास्त असल्याचा निष्कर्ष काढला जातो. 30 सेंटिमीटरची पट्टी घेऊन खात्री करा. शून्याची खूण मुलाच्या अंगठ्याच्या वरच्या कडेला, बोटांत थोडी फट, न सांगता पट्टी सोडायची आणि पकडलेला आकडा वाचायचा. पाच वेळा घ्या, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा सोडून उरलेल्या तिन्हींची सरासरी काढा. 15 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 0.17 सेकंद, 20 म्हणजे 0.20, 30 म्हणजे 0.25. "एक, दोन, तीन" म्हणून पट्टी सोडलीत तर चाचणी वाया गेली, मुलगा अंदाजाने पकडतो.

आकडा चांगला आणि तरीही उठायला उशीर, तर बसण्याची पद्धत बघा. पार्श्वभाग टाचेवर टेकलेला आणि भार मागे असेल, तर खो मिळाल्यावर खेळाडू आधी पुढे झुकतो आणि मग उठतो. पुढचा पाय पूर्ण टेकलेला, मागचा चवड्यावर, बोटांची टोके पुढे जमिनीवर आणि भार पुढे, एवढ्या बदलानेच पहिले पाऊल लवकर पडते. बसणेही बरोबर असेल तर पायांची ताकद कमी आहे. सुमारे 30 सेंटिमीटर उंच पायरीवर एका पायाने चढउतार, प्रत्येक पायाने 8 वेळा, तीन संच.

वेगाच्या सरावात विश्रांती कापणे

ही सर्वांत सर्रास होणारी चूक, आणि ती शिस्तीच्या नावाखाली होते. पूर्ण जोराने पाच-सहा सेकंद धावताना स्नायू साठवलेली तयार ऊर्जा वापरतात. तो साठा अर्धा भरायला साधारण अर्धा मिनिट लागते, जवळजवळ पूर्ण भरायला तीन मिनिटांच्या आसपास. 30 मीटर धावून चालत परत आले आणि लगेच पुन्हा धावले, की तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून वेग पडतो. मूल घामाघूम होते, सराव जोरदार वाटतो, पण तो आता वेगाचा राहिलेला नसतो, दमाचा झालेला असतो.

ढोबळ हिशेब: पूर्ण वेगाच्या दर 10 मीटरला एक मिनिट विश्रांती. 30 मीटरच्या सहा धावा पुरतात. वेळ मोजत राहा, धाव ठळकपणे मंदावली की वेगाचा सराव तिथेच थांबवा.

40 मुले आणि 35 मिनिटांचा तास, मग एवढी विश्रांती कुठून द्यायची, असे शिक्षक विचारतात. पाच-पाच मुलांचे आठ गट करा, दर 20 सेकंदांनी एक गट सोडा. प्रत्येकाची पाळी दोन मिनिटे चाळीस सेकंदांनी येते. सहा धावा 16 मिनिटांत संपतात आणि रांगेत उभे राहणे हीच विश्रांती होते.

दम एकाच प्रकारचा असतो असे समजणे

कबड्डीत चढाई 30 सेकंदांची. त्या वेळात झुकणे, झेप, ढकलाढकली, मध्यरेषेकडे धडपड, आणि मग थोडा श्वास घेऊन पुन्हा बचाव. रोज संथ गतीने तीन किलोमीटर धावणाऱ्या मुलाची यासाठी अर्धीच तयारी होते. संथ धावणे टाकाऊ नाही, दोन चढायांच्या मधे श्वास लवकर ताळ्यावर येतो तो त्याच पायावर. आठवड्यातून दोन दिवस 15 ते 20 मिनिटे, शेजारच्याशी वाक्य बोलता येईल अशा गतीने धावा. त्याच्या जोडीला एक-दोन दिवस 20 ते 30 सेकंद जोरात आणि 60 ते 90 सेकंद हलके, असे सहा ते आठ वेळा.

600 मीटरच्या चाचणीत वेगळी गंमत होते. शिट्टी वाजली की सगळे 50 मीटर असल्यासारखे सुटतात आणि 300 मीटरला चालायला लागतात. नोंद होते "दम कमी", खरे तर गतीचा अंदाज चुकलेला असतो. 2 मिनिटे 24 सेकंद हे लक्ष्य असेल तर दर 200 मीटरला 48 सेकंद. पहिले 200 मीटर 40 सेकंदांत गेले, तर ते 8 सेकंद पुढे व्याजासकट फेडावे लागतात. चाचणीआधीच्या आठवड्यात फक्त 200 मीटर ठरलेल्या वेळेत धावण्याचा सराव दोनदा करून घ्या.

आकडेच चुकीचे घेणे

खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत चौथीपासून पुढच्या मुलांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), 50 मीटर धाव, 600 मीटर धावणे-चालणे, सिट अँड रीच (पाय सरळ ठेवून बसून हात पुढे नेणे), अर्धे कर्ल-अप (पाठीवर पडून खांदे उचलणे) आणि पुश-अप आहेत. चाचण्या सोप्या आहेत, म्हणूनच त्या घाईत उरकल्या जातात.

50 मीटरला वेळ घेणारा शेवटच्या रेषेवर उभा असतो आणि शिट्टी ऐकून घड्याळ सुरू करतो. आवाजाला 50 मीटर यायला जवळजवळ 0.15 सेकंद लागतात, म्हणजे प्रत्येक मुलगा फुकटात तेवढा वेगवान ठरतो. शिट्टीबरोबर हात किंवा झेंडी खाली आणा आणि घड्याळ ते पाहून सुरू करा. थांबवायचे ते धड रेषा ओलांडल्यावर, हात किंवा पाय पोहोचल्यावर नव्हे. मुले रेषेआधीच वेग सोडतात, म्हणून खुणेचा एक शंकू 55 मीटरवर ठेवा आणि तिथपर्यंत धावायला सांगा. दोन घड्याळे असतील आणि वेळा वेगळ्या आल्या, तर जास्तीची वेळ धरा.

600 मीटरला आखणीची चूक होते. फेरीची लांबी आतल्या फक्कीच्या रेषेवर मोजतात, धावणारा मात्र त्याच्या बाहेरून धावतो. कडेला उंचवटा नसेल तर मोजमाप आतल्या रेषेपासून 20 सेंटिमीटर बाहेर करायचे असते. मुलगा पूर्ण फेरीभर एक मीटर बाहेरून धावला, तर फेरीमागे सुमारे 6.3 मीटर जास्त पडतात. मैदान 150 मीटरचे असेल तर चार फेऱ्यांत 25 मीटर. एका वेळी 20 मुले सोडली की बाहेर ढकलला गेलेला मुलगा हे 25 मीटर धावतोच, आणि त्याचा दम कमी म्हणून नोंद होते. सहा-आठच्या वर मुले एकत्र सोडू नका.

सिट अँड रीचच्या पेट्या सारख्या नसतात. पावलांच्या तळव्यांची रेघ काही पेट्यांवर 15 सेंटिमीटरवर असते, काहींवर 23, काहींवर 26. त्यामुळे दुसऱ्या शाळेच्या पेटीवरच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही. गुडघे उचलले जाऊ देऊ नका, झटका देऊन गाठलेला आकडा धरू नका, टोकाला दोन सेकंद थांबलाच पाहिजे. आणि ही चाचणी मांडीच्या मागच्या स्नायूंविषयी आणि कमरेविषयी सांगते. भालाफेक करणाऱ्या मुलीचा खांदा मोकळा आहे की नाही, याचा तिच्याशी संबंध नाही.

बीएमआयमध्ये वजन किलोत आणि उंची मीटरमध्ये, उंचीचा वर्ग करून भागायचे. 42 किलो आणि 1.50 मीटर म्हणजे 18.7. बूट घालून उंची 1.53 मोजली तर तोच मुलगा 17.9 वर येतो. मोठी चूक पुढे होते: 18.5 ते 25 हा मोठ्यांचा तक्ता मुलांना लावला जातो आणि सातवीतली ठणठणीत मुलगी "कमी वजन" ठरते. मुलांसाठी वय आणि लिंगानुसार तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 2015 चे तक्ते 5 ते 18 वयासाठी आहेत, तेच वापरा. आणि वजनगटात बसण्यासाठी पाणी बंद करणे, स्वेटर घालून धावणे, हे शालेय कुस्ती-कबड्डीत चालते ते सरळ धोकादायक आहे. अंगातली चरबी कमी होत नाही, पाणी जाते, आणि खेळाडू मॅटवर चक्कर येऊन पडतो.

जोर-बैठकांची संख्या म्हणजे ताकद

100 बैठका सलग मारणाऱ्या मुलाच्या पायांत दमदारपणा आहे. ताकद असेलच असे नाही. 8 ते 12 वेळांतच थकवा यावा असा भार लागला तर ताकद वाढते. त्यासाठी जिम लागत नाही. बैठकीत खाली जायला मोजून तीन सेकंद घ्या, मग बाकावर मागचा पाय ठेवून एका पायाची बैठक, मग पाठीवर दप्तर. पकडीसाठी बारवर पंचा टाकून तो धरून लटका, 10 ते 20 सेकंद, चार वेळा. मल्लखांब किंवा दोर असेल तर उत्तमच. देखरेखीखाली नीट पद्धतीने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटत नाही. चढाओढीने जास्तीत जास्त वजन उचलून पाहणे मात्र या वयात नको.

उड्यांच्या सरावात संख्या मोजा. एका दिवशी 40 ते 60 वेळा जमिनीवर उतरणे पुरे, आठवड्यातून दोन दिवस, माती किंवा गवतावर. सिमेंटच्या प्रांगणात अजिबात नाही.

उंची वाढण्याच्या काळाला आळस म्हणणे

मुलींची उंची साधारण 12 व्या आणि मुलांची 14 व्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते. आधी पाय लांबतात, धड मागून येते. त्या काही महिन्यांत सिट अँड रीचचा आकडा घसरतो, शटल मंदावते, खो-खोतला जमत असलेला सूर चुकायला लागतो. सराव तोच, मेहनत तीच. दर दोन महिन्यांनी उंची मोजून वहीत ठेवली तर कारण आपोआप दिसते. अशा वेळी तोल, समन्वय आणि थांबण्याचा सराव वाढवा, उड्या कमी करा. 14 वर्षांखालील गटात एकाच वर्गातली दोन मुले शरीराने दोन-तीन वर्षे पुढे-मागे असू शकतात, म्हणून निवड करताना मुलाचा आकडा त्याच्याच आधीच्या आकड्याशीही ताडून पाहा.

याच वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा येतो, किंवा टाचेच्या मागे दुखते. "चोळून घे, जाईल" म्हणून तसेच पळवू नका. हाडाची वाढ होत असलेल्या जागेवर स्नायूचा ताण येतो म्हणून ते दुखते. उड्या आणि जोरात धावणे कमी केल्यावर सहसा उतरते. लंगडणे, रात्रीचे दुखणे किंवा सूज असेल तर डॉक्टरांकडे.

क्रम उलटा लावणे

आधी पाच फेऱ्या, मग ताणाचे व्यायाम, मग वेग, हा बऱ्याच शाळांतला क्रम. वेग, चपळता आणि समन्वय ताज्या पायांनीच सुधारतात. 8 ते 10 मिनिटे हालचालीतून अंग गरम करा, मग वेग किंवा चपळता, मग ताकद, शेवटी दम. एकाच स्थितीत मिनिटभर धरून ठेवायचे ताण सर्वांत शेवटी घ्या. वेगाच्या आधी घेतले तर पाय तेवढ्यापुरते थोडे मंद होतात.

फेरचाचणी सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच मैदानावर, त्याच वेळी, त्याच बुटांत. सकाळी 8 चा आकडा आणि मे महिन्यातल्या दुपारचा आकडा शेजारी मांडू नका. हाताने घेतलेल्या वेळेत एक-दोन दशांश सेकंदांचा फरक घड्याळ धरणाऱ्याच्या बोटाचाही असू शकतो, म्हणून 50 मीटरला 8.4 वरून 8.3 आल्यावर वहीत "प्रगती" लिहायची घाई नको, पुढच्या चाचणीपर्यंत थांबा.