मिनीव्हॅनसाठी ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल कसं निवडावं

सात माणसं, मागे बॅगा, एसी सुरू आणि समोर लांबलचक चढ. अशा वेळी मिनीव्हॅनचं इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक चांगलेच तापतात. म्हणून आत काय ओतलंय याला महत्त्व.

आधी मॅन्युअल काढा. त्यातल्या ऑइल-कूलंटच्या तक्त्याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि मगच दुकानात जा.

इंजिन ऑइल: समजा तक्त्यात ५डब्ल्यू-३० लिहिलंय. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर त्याचा दाटपणा किती राहतो ते. ‘गाडी जुनी झाली, जरा जाड ऑइल टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. मॅन्युअलमध्ये तशी मुभा नसेल तर ऐकू नका. आकडा जुळला तरी डब्यावर छापलेला दर्जाचा कोडही जुळवा: एपीआय एसपी, एसीईए सी३ वगैरे. डिझेल गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं ऑइलच हवं, नाहीतर तो फिल्टर चोंदतो.

कूलंट: इथे रंग बघून फसायला होतं. हिरवा, गुलाबी, निळा हे कंपन्यांनी आपापल्या मर्जीने दिलेले रंग. आतलं रसायन त्यावरून कळत नाही. न जुळणारी कूलंट एकत्र झाली तर गाळ धरून रेडिएटर तुंबू शकतो. डब्यावर ‘कॉन्सन्ट्रेट’ असेल तर साधारण निम्मं डिस्टिल्ड वॉटर घाला, ‘रेडी मिक्स’ असेल तर थेंबभरही नको. आणि इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच.

ब्रेक ऑइल: डब्यावरचा ‘डॉट’ आकडा म्हणजे त्याचा दर्जा. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकोलची, पण डॉट ५ सिलिकॉनचं. ५ आणि ५.१ मध्ये घोळ घालू नका. ग्लायकोलचं ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. म्हणून लहान डबाच घ्या. फडताळात उघडा पडलेला डबा गाडीत ओतायचा नाही.

सगळ्यात महागात पडते ती ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची चूक. सीव्हीटीला (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) सीव्हीटीचंच ऑइल लागतं, साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल, चालत नाही. ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ अशा बाटलीवर तुमच्या मॅन्युअलमधला कोड दिसला नाही, तर ती परत ठेवा.

पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक असेल तर त्यात ऑइल नसतंच. समोरची काच धुण्याच्या टाकीत वॉशर फ्लुइड घाला. भांड्यांचा साबण नको.

काम झाल्यावर ऑइलचा कोड, तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटखाली चिकटवा. पुढच्या वेळी मेकॅनिक दुसरा असला तरी अडणार नाही.